आमची बारमाही शाळा

मे महिन्यात आमच्या बिल्डिंगमध्ये सकाळी अभ्यासाला बसणारं मूल एकच होतं, आणि ते माझं. खाली पार्किंगमध्ये बाकीची पोरं सायकली फिरवत, भांडत, पुन्हा एक होत, आणि वर तिसऱ्या मजल्यावर माझी मुलगी भागाकार करत बसे. खिडकी मी बंद ठेवत असे. उन्हाच्या झळा येतात म्हणून, असं सांगत असे.

तिला शाळेतून काढलं तेव्हा ती दुसरीत होती. कारण फार थोर नव्हतं. शाळेच्या नव्या प्रवेशद्वाराचं उद्घाटन होतं. प्रमुख पाहुण्यांना उशीर झाला आणि स्वागताची लेझीम हातात धरून मुलं उन्हात उभी राहिली. दोन-तीन मुली चक्कर येऊन खाली बसल्या, त्यात माझी एक. पाहुणे आले, त्यांनी फीत कापली आणि भाषणात मुलांच्या शिस्तीचं कौतुक केलं. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, हिला मीच शिकवते. तो फाउंड्रीतून दमून आला होता. "जमत असेल तर बघ," तो म्हणाला. "पण मध्येच कंटाळू नको." मी कंटाळले नाही. अडचण झाली ती त्यामुळेच.

मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला आपण उत्तम शिकवू असं वाटायला वेळ लागत नाही. शिक्षणावरची बरीच पुस्तकं मी आधीच वाचलेली होती, काहींची तर मुद्रितंही तपासलेली. त्यातून माझं एक मत तयार झालं, की उन्हाळ्याची लांबलचक सुट्टी ही गोष्टच चुकीची. मूल दीड महिना मोकळं सुटलं की अर्धं विसरतं आणि जूनमध्ये सगळं पहिल्यापासून. त्यापेक्षा अभ्यास थोडा-थोडा पण वर्षभर करावा आणि मध्ये मध्ये आठवडाभर थांबावं. आम्ही राहतो त्या कोल्हापूरच्या कसबा बावड्यातला साखर कारखानासुद्धा हंगाम संपला की बंद होतो. आमची शाळा मात्र बारमाही.

या पद्धतीचा एक फायदा मी सगळ्यांना सांगत असे. आमची सुट्टी आली की सगळीकडे मोकळं असायचं. पन्हाळ्यावर आम्ही दोघी आणि माकडं. रंकाळ्यावर भेळवाला आम्हाला बघून गाडी लावावी की नाही याचा विचार करायचा. गर्दी टाळण्यात काहीतरी हुशारी आहे असं मला मनापासून वाटायचं. मुलगी झोपाळ्यावर एकटी बसून झोके घ्यायची आणि शेजारच्या रिकाम्या झोपाळ्याकडे बघायची. मी म्हणायची, "बघ, आज रांगसुद्धा नाही."

मे महिन्यात मी तिला बाष्पीभवन शिकवलं. गच्चीवर एका ताटलीत मिठाचं पाणी ठेवलं आणि दर थोड्या वेळानं जाऊन बघायचं असं ठरलं. गच्चीवर त्या दिवशी बिल्डिंगमधल्या बायकांनी कुरडया घातल्या होत्या. पोरं पातेल्यातला उरलेला चीक चाटत होती, राखणीच्या नावाखाली ओल्या कुरडया तोंडात टाकत होती. माझ्या मुलीनं आपल्या ताटलीजवळ उकिडवं बसून निरीक्षण केलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "काय गं, काय घातलंयस?" ती म्हणाली, "पाणी." काकू माझ्याकडे बघून हसल्या आणि तिच्या हातावर थोडा चीक ठेवला. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग खाल्ला. बाकीच्या पोरांनी थोडं सरकून तिला जागा करून दिली, पण तेवढ्यात आमची वेळ झाली होती. पुढचा तास इतिहासाचा होता.

तिला कुणी सोबती नाही हे मला दिसत नव्हतं असं नाही. म्हणून मी घरशिक्षण देणाऱ्या पालकांच्या एका मेळाव्याला तिला घेऊन गेले. शहराबाहेर एका फार्महाऊसवर होता. शाळेच्या साच्यातून मुक्ती असा विषय होता. दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं, ते म्हणायला मुलांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं होतं. मग पाहुण्यांचा परिचय, मग त्यांना फेटा, शाल, श्रीफळ. पाहुणे म्हणाले, मुलांना मोकळं सोडा. त्या वेळी मुलं सतरंजीवर मांडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसली होती. जेवणाच्या वेळी एका आईनं मला विचारलं, "तुमची कोणत्या लेव्हलला आहे?" मी म्हटलं, "तिसऱ्या मजल्यावर." पुन्हा आम्ही तिकडे गेलो नाही. येताना बसमध्ये मुलगी म्हणाली, "तिथली एक मुलगी चांगली होती. पण ती नाशिकची होती."

मग जूनमध्ये शाळा उघडल्या आणि आमची सुट्टी आली. मुलगी म्हणाली, "मामाकडे जाऊया."

माझं माहेर हुपरीचं. भावाचा चांदीच्या पैंजणांचा धंदा आहे. खालच्या मोठ्या खोलीत काम चालतं, वरती घर. त्याला दोन मुली, एक माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी, एक तिच्याच वयाची. हातकणंगल्याला दिलेल्या माझ्या बहिणीची दोन मुलंही दर मे महिन्यात तिथंच असतात. आम्ही दुपारी पोहोचलो. घर शांत होतं. भाऊ खालीच भेटला.

"आलीस व्हय? पोरी शाळंला गेल्यात की."

"कधी येतील?"

"येतील संध्याकाळी. मेमधी यायचं सोडून आता कसली गं सुट्टी काढलीस?"

"आत्ता गर्दी नसते."

"घरात कसली गर्दी? आपलीच पोरं न्हवं का ती?"

मुलगी संध्याकाळपर्यंत दारात बसून राहिली. वहिनीनं तिला दोनदा लाडू दिला. "वन्सं, सगळी असताना आणायची की हिला," ती मला म्हणाली. "आता मी काय लंगडी खेळू व्हय हिच्यासंगं?"

मामेबहिणी आल्या त्या दप्तर टाकून हिच्या गळ्यातच पडल्या. प्रेमात काही कमी नव्हतं. पण त्यांच्या बोलण्यात सगळा मे महिना भरलेला होता. त्या सुट्टीत पोरांनी सत्काराचा खेळ काढला होता. रोज दुपारी एकाचा सत्कार. टॉवेल म्हणजे शाल, आंब्याची कोय म्हणजे नारळ. कुणी जास्त आंबे खाल्ले म्हणून, कुणी मामाच्या चपलेवर पाणी सांडून पळून गेला म्हणून. धाकटी नुसतं "अध्यक्ष महाशय" म्हणाली तरी थोरली हसून लोळायची. माझी मुलगीही हसायची, पण अंमळ उशिरा. आधी दोघींची तोंडं बघायची, मग हसायची. मी मुद्रितं तपासणारी बाई. ओळीत एक शब्द मागं पडला तर मला लगेच दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शाळेला गेल्या. मुलगी त्यांच्या पाठोपाठ कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. त्या आठवड्यात ती खूप शहाण्यासारखी वागली. कुणालाही त्रास दिला नाही.

घरी आल्यावर आमचा अभ्यास पुन्हा सुरू झाला. तसं आमचं चांगलं चालायचं, हेही सांगायला हवं. पावसाळ्यात वीज गेली की आम्ही दोघी दारात खुर्च्या टाकून उजेडाला वाचत बसायचो, तिच्या हातात तिचं पुस्तक, माझ्या हातात माझी मुद्रितं. एखादा विनोदी शब्द सापडला की मी तिला वाचून दाखवायची. दिवसभरात मी जेवढं बोलायची त्यातलं बहुतेक सगळं तिच्याशीच. नवरा शिफ्टला, माझे लेखक ईमेलवर, आणि शेजारणींना मी जरा शिष्ट वाटायची. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. ती माझी विद्यार्थिनी होती आणि माझी मैत्रीणही तीच होती. तिला मात्र आणखी कुणीतरी हवं होतं. एकदा निबंधाला 'माझी मैत्रीण' असा विषय दिला, तर तिनं विचारलं, "तुझ्यावर लिहिलं तर चालेल का?" मी विषय बदलून 'माझा आवडता पक्षी' दिला.

पुढच्या एप्रिलमध्ये मी ठरवलं की या वर्षी मेची सुट्टी, सगळ्यांसारखी. तिला सांगितलं तेव्हा तिनं उडी वगैरे मारली नाही. "पूर्ण मे?" एवढंच विचारलं. आधी आठवडाभर, मग बघू, असं मी म्हटलं. मग कपाटातून स्वतःचा टॉवेल काढून पिशवीत भरला.

हुपरीला पोहोचलो. घर पुन्हा शांत होतं.

"क्लासला गेल्यात," वहिनी म्हणाली. "थोरलीची व्हेकेशन बॅच हाय आणि धाकटीचं शिष्यवृत्तीचं वर्ष. सकाळी जायचं ते दुपार टळल्यावर यायचं. वर होमवर्क हायच."

"मे महिन्यात?"

"आता मे न्हाय आणि जून न्हाय वन्सं. तुम्हीच म्हणत होता न्हवं, सुट्टीत पोरं इसरत्यात म्हणून? त्यो क्लासचा सरबी तसंच म्हणतोय."

"आणि हातकणंगल्याची?"

"ती शिबिराला. व्यक्तिमत्त्व विकास. घोड्यावर बी बसवत्यात म्हणं."

मी मुलीकडे बघायचं टाळलं. वर्षानुवर्षं मी जे मत बाळगून होते ते सगळ्या जिल्ह्यानं मान्य केलं होतं, आणि नेमकं त्याच वर्षी मी ते सोडून आले होते. एखाद्या विचारवंताच्या आयुष्यात असा क्षण आला तर त्याचा गौरवग्रंथ निघाला असता.

मुलगी पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसली. मग म्हणाली, "मी पण क्लासला जाऊ?"

"तिथं अभ्यास असतो," मी म्हटलं.

"माहीत आहे. पण त्या पण असतात ना."

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन गेले. एका किराणा दुकानाच्या वर लांबट हॉल, पत्र्याचं छप्पर, दोन पंखे, एका टोकाला मोठी मुलं, दुसऱ्या टोकाला लहान. बाहेर गुणवंतांच्या फोटोंचा फ्लेक्स, त्यात गुणवंतांपेक्षा सरांचा फोटो मोठा. सर भावाच्या ओळखीतले. "बसू दे की," ते म्हणाले. "कंच्या शाळंत हाय?"

"घरच्या," मुलगी म्हणाली.

"घरच्या म्हंजी? तुमच्या मालकीची?"

सगळा हॉल हसला. मी पुढं होऊन समजावून सांगणार होते, पण तेवढ्यात धाकट्या मामेबहिणीनं बाक सरकवून तिला ओढून घेतलं, आणि मी तिथं उभं राहण्याचं काही कारण उरलं नाही.

तिथं जे शिकवत होते ते तिला आधीपासून येत होतं. शिकवण्याची पद्धत म्हणाल तर मी ज्या-ज्या गोष्टींना नावं ठेवत आले त्या सगळ्या तिथं एका छपराखाली होत्या. घोकंपट्टी होती, छडी टेबलावर होती, आणि एकाचं उत्तर चुकलं की सगळ्या बाकाला पुन्हा लिहायला लागायचं. मुलगी रोज घामेजून, लालबुंद होऊन यायची आणि दुसऱ्या दिवशी आमच्या आधी तयार असायची. चौथ्या-पाचव्या दिवशी ती जिन्यातूनच ओरडत आली.

"आई, सरांनी आम्हाला बाहेर काढलं! तिघींना! गॅलरीत उभं केलं!"

"का?"

"हसत होतो."

"कशाला?"

तिनं सांगायला तोंड उघडलं, मामेबहिणींकडे पाहिलं, आणि तिघींना पुन्हा हसू फुटलं. शेवटी डोळे पुसत ती म्हणाली, "सांगितलं तर तुला हसू येणार नाही." मग तिघी पाणी प्यायला आत पळाल्या. हसायला ती आज उशीर करत नव्हती.

आठवडा संपला तेव्हा मी बॅग भरायला घेतली नाही. नवऱ्याला फोन केला आणि सांगितलं, जूनमध्ये बावड्यातल्या शाळेत तिचं नाव घालूया. तो म्हणाला, "बरं." मग म्हणाला, "तिला विचारलंस?" विचारलं होतं. तिनं आधी विचारलं होतं, "मग तू?" मी म्हटलं होतं, मला भरपूर कामं आहेत. हे तिनं लगेच मान्य केलं, कारण मुलं आपल्या सोयीच्या गोष्टी लवकर मान्य करतात. तसं करावंही त्यांनी.

दुपारी पोरी क्लासला असायच्या. मुद्रितं मी सोबत आणली होती, पण त्या दिवशी त्यांच्यात मन लागेना, म्हणून खाली कामाच्या खोलीत गेले. वहिनी आणि शेजारच्या दोघी-तिघी बायका घुंगरं जोडत बसल्या होत्या. जिन्यावरून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, मध्येच कुणीतरी जोरात हसलं. मी आत जाऊन भिंतीशी बसले, तशा त्या थांबल्या. एकीनं माझ्या मुलीची चौकशी केली. दुसरीनं कोल्हापुरात ऊन कसं आहे विचारलं. मी सांगितलं. मग सगळ्या खाली बघून घुंगरं जोडू लागल्या.

"वन्सं," वहिनी मायेनं म्हणाली, "हितं लई उकडतंय. तुम्ही आपलं वर पंख्याखाली बसा की."

मी वर जाऊन पंख्याखाली बसले. थोड्या वेळानं खाली पुन्हा बोलणं सुरू झालं.