सुतकातलं नवं कापड

बाबांच्या तेराव्यानंतर आठव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, माझी बायको दवाखान्यात वारली. तिला डेंग्यू झाला होता.

त्याआधीच्या तीन आठवड्यांबद्दल गेलं वर्षभर मी लोकांना एक हकिकत सांगत आलो. तिच्यात माझा मोठा भाऊ दोषी आहे. ती हकिकत अर्धी आहे. इथे पूर्ण लिहितो.

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो. दादा खुलताबादच्या बाजूला शेती बघतो. बाबा माझ्याकडे शहरात असताना गेले, त्यामुळे सुतकाचे दिवस दादा, वहिनी आणि गावाकडची माणसं माझ्याच घरात राहिली. आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. एवढ्या माणसांना पुरावं म्हणून अंगणात हौदाशेजारी आणखी चार ड्रम उभे राहिले. दोनांना झाकणं नव्हती. गल्लीत घरोघरी ताप होता. उघड्या ड्रमांवर फडकं तरी बांधू, असं मी दादाला म्हणालो.

"बांध की," तो म्हणाला. "दर घडीला सोडायचं, तांब्या बुडवायचा, परत बांधायचं. कोण करणार? तुझ्या पुस्तकातले लोक येणार व्हय?"

माणसं हसली. मी फडकी बांधली. अर्ध्या तासात कुणीतरी त्यातलं एक फडकं सोडून हात पुसायला घेतलं होतं.

बाबा जाण्याआधी मी बायकोसाठी दोन जोड मागवले होते. पूर्ण बाह्यांचा कुडता आणि घोट्यापर्यंत सलवार, कापडात डासांचं औषध मुरवलेलं. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि ती दिवसभर पाण्यापाशी असायची. पाकीट सुतकाच्या चौथ्या दिवशी आलं. कुडता अंगाला लावून बघत ती म्हणाली, "हे घालून पाणी भरलं तर गल्लीत म्हणतील, फवारणीवाला आला." पण तिला तो आवडला होता. ती घालणार होती.

दादा ओट्यावर बसला होता, वहिनी दारात होती. "नवं कापड हाय ते," तो म्हणाला. "सुतकात नवं अंगाला लावत नाय. ठेव आत."

"हे कापड म्हणून आणलेलं नाही. औषध आहे," मी म्हणालो.

"मग बाटलीत का नाय आलं?"

बायको आमच्या दोघांकडे बघत होती. मग तिने स्वतःच वाट काढली. "दादा, मी एकदा पाण्यातून काढते. धुतलं की जुनंच झालं ना?"

दादाने जरा विचार केला. "हां. धुऊन घाल मग. धुतलेल्याला कोण नवं म्हणतंय?"

प्रश्न तिथंच मिटला होता. मी मिटू दिला नाही. पाकिटातलं पत्रक मी दोनदा वाचलं होतं. प्रत्येक धुण्याला औषध थोडं उतरतं आणि ठरावीक धुण्यांनंतर उरतं ते साधं कापड, असं त्यात छापलेलं होतं.

"नको," मी म्हणालो. "एक धुणं फुकट जाईल. सुतकाचे नऊच दिवस राहिलेत, मग घाल."

"अहो, कपडे आहेत का रेशनचं धान्य?"

"समजत नसेल तर वाचून बघ," म्हणत मी पत्रक तिच्या हातात कोंबलं.

माझा राग तिच्यावर नव्हता. माझ्या घरात, माझ्या बायकोने काय घालायचं ते दादा ठरवत होता. आधी त्याने नाही म्हटलं तेव्हा मला राग आला, आणि मग हो म्हटलं तेव्हा जास्त आला. त्याची परवानगी मला नको होती, म्हणून ती मी धुडकावली. पत्रकाचा मला आधार मिळाला, एवढंच. तिने ते वाचलं नाही. कुडत्याची घडी केली, पाकीट कपाटावर ठेवलं आणि बाह्या वर सारून ड्रमापाशी गेली.

बाराव्या दिवशी तिला ताप भरला.

डॉक्टर म्हणाले होते, कुठला डास कुठे चावला हे कुणालाच सांगता येत नाही, आणि असल्या कपड्यांनी चावे कमी होतात, थांबत नाहीत. हे मला मान्य आहे. त्याने माझं समाधान झालेलं नाही.

तिच्या तेराव्याला दादाने दुखवट्याचं कापड आणलं. सुतक संपलं की नातलग देतात तसं, पांढऱ्या सदऱ्याचं, शहागंजच्या बाजारातून घेतलेलं. त्याने ते माझ्या मांडीवर ठेवलं. घर भरलं होतं. तिचे आईवडील समोर बसले होते. मी ते कापड त्याच्या अंगावर फेकलं.

"आता चालतं का नवं? ती जिवंत होती तेव्हा चालत नव्हतं!"

मग मी सगळ्यांना सांगितलं. पाकीट आलं होतं, याने घालू दिलं नाही. तिची आई दादाकडे बघत राहिली. "एवढ्यासाठी?" तिने विचारलं. वहिनी काहीतरी बोलणार होती. दादाने तिच्याकडे नुसतं बघितलं आणि ती गप्प बसली. त्याने कापड उचललं, घडी नीट केली आणि माझ्या शेजारी ठेवलं.

संध्याकाळी तो गावाला निघाला तेव्हा मी त्याच्यामागे फाटकापर्यंत गेलो. मला अजून भांडायचं होतं.

"तोंड शिवलं होतं का तुझं?"

"काय बोलू? धुऊन घाल म्हनलो व्हतो मी. तूच नको म्हनला."

"मग सांगायचंस सगळ्यांना!"

"सांगून?" तो चप्पल घालत म्हणाला. "मी काय, जाईन ढोरामागं. तुला हितं ऱ्हायचंय. तिच्या मायबापाला तोंड दाखवायचंय."

मला त्याला मारावंसं वाटलं. लहानपणापासून त्याने माझ्यासाठी सगळं परस्पर ठरवलं, आणि आता माझा दोषही मला न विचारता स्वतःच्या डोक्यावर घेऊन तो गावाला चालला होता. वाईट वागला असता तर मी कधीतरी त्याच्याशी बोललो असतो.

तेव्हापासून मी त्याचा फोन उचललेला नाही. सासू-सासरे महिन्यातून एकदा डबा घेऊन येतात. सासू दादाला शिव्या देते आणि मला वाढते. मी खाली मान घालून जेवतो.

आता घरात मी एकटा राहतो. काय घडलं ते दादाला, वहिनीला आणि मला माहीत आहे. तिच्या आईवडिलांना माहीत नाही.