बांधायच्या कागदातली लक्ष्मी

माह्या बायकोनं लग्न झाल्यापासून एकच गोष्ट मागितली, अन् तीबी म्या धड आणली न्हाई. नव्या खोलीला तिनं पांढऱ्या मातीचा पोतारा दिला होता. त्या भिंतीवर तिला लक्ष्मीची तसबीर पायजे होती. संक्रांतीला बाया वाणाला येत्यात, त्याच्या आत. देव्हाऱ्यात आमच्या एक टाक अन् एक सुपारी. "तिसरा दगड तुमी," असं ती म्हणायची.

संक्रांत उद्यावर आली तवा पिंगळीहून गाडीत बसून गंगाखेडला गेलो. तिथं बाजारात एक म्हातारे चाचा तसबिरी मढवून विकायचे. त्यांनी धा-बारा लक्ष्म्या मांडल्या. सगळ्या सारख्याच, लाल लुगडं, कमळ, दोन हत्ती. मला वाटलं, इतक्या लांब येऊन सगळ्यांच्या घरात हाय तेच न्यायचं व्हय? तेवढ्यात चाचांच्या मांडीखाली एक कागद दिसला. त्याच्यावर लय रंग. निळ्यावर पिवळा, पिवळ्यावर गुलाबी. मधीच दोन हात, हत्तीची सोंड, अर्धं कमळ, एका बाईचा डोळा, अन् खाली साबणाची वडी. म्या म्हणलं, हेच मढवा.

चाचा म्हणाले, "पाटील, ये बिकने का नई. बांधने का कागद है."

मग त्यांनी समजावलं. छापखान्यात एकेक रंग दगडावरून छापत्यात. रंग नीट बसेपर्यंत एकच रद्दी कागद कोणत्याबी चित्राच्या दगडावर घालत्यात, तसला ह्यो. अक्कल असती तर कळलं असतं. पण मला वाटलं, म्हातारा भारी माल दडवायलाय. बाकीच्यात एका जागी एक रंग, ह्याच्यात एका जागी चार. हुज्जत घालून काचेत बसवून घेतलं. वर चाचांनाच म्हणलं, पारख असावी लागती.

घरी बायको पाट मांडून बसलेली. तिनं फडकं सोडलं अन् तसबीर आधी उभी, मग आडवी धरून बघितली.

"लक्ष्मी कुठं हाय?"

म्या एका हातावर बोट ठिवलं. दुसरा हात? त्योबी तिचाच. डोळा? तिचाच. साबण कशाला? म्या म्हणलं, आंघोळीला. ती हसली न्हाई. तवा कळलं मला, काय करून बसलो ते.

आता बदलून आणायला येळ न्हवता. दुसऱ्या दिवशी तिनं तेच भिंतीला लावलं, मोकळ्या भिंतीपरीस बरं म्हणून. बाया आल्या. तसबीर बघून नुसत्या एकमेकीकडं बघायलत्या. मी दाराआड. बायको कुंकवाचा करंडा घिऊन तसबिरीपुढं उभी, अन् बोट हवेतच. कपाळ सापडंना.

शेजारची म्हातारी आत्या पुढं झाली. म्हणली, "हाताला लाव की गं. कपाळ धुंडीत बसलीस तर आमाला वाण कवा देशील?"

बायकोनं हाताला कुंकू लावलं. मागून सगळ्या बायांनी लावलं. एकीनं तर साबणालाबी लावलं.

बाया गेल्यावर म्या म्हणलं, बाजाराच्या दिवशी बदलून आणतो, चाचा भला माणूस हाय.

"कुंकू लागलेला देव माघारी देत्यात व्हय?" ती म्हणली. माह्या हातावर तीळगूळ ठिवला. "राहू द्या आता. पुढच्या बाजाराला मी येते संगं. तुमी नुसती पिशवी धरा."