ओवीला मुकर्रर

विद्यापीठाच्या आमच्या कॉयरमध्ये आम्ही अठ्ठावीस जण होतो, आणि सरांना प्रत्येक प्रांताचं घरातलं एक गाणं हवं होतं. सर शिकवायचे इंग्रजी, पण जीव सगळा कॉयरमध्ये. त्या वर्षीच्या कार्यक्रमात चारशे वर्षांपूर्वीची लॅटिन प्रार्थना होती, बंगाली नावाड्यांचं गाणं होतं, केरळच्या एका मुलीनं तिच्या चर्चमधलं जुनं गाणं आणलं होतं, आणि बाळाच्या जन्माची गाणी, म्हणजे अवधी सोहर, तर लखनऊत मागाल तितके. राहिले मी एकटी मराठी. माझी पंचाईत अशी की मी जन्मले लखनऊत. आई मराठीत बोलायची, मी उत्तर हिंदीत द्यायची. पण चारचौघांत मान खाली घालीन तर शपथ! ठोकून दिलं, आमच्याकडे जात्यावरच्या ओव्या असतात, आणते. सर म्हणाले, शुक्रवारपर्यंत आण, नाहीतर मराठी गाणं वगळतो.

आई साताऱ्याकडच्या खेड्यातली, चौथी शिकलेली. बाबा इथल्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, म्हणून ती लग्न होऊन थेट लखनऊत येऊन पडली. इंदिरा नगरात आमचं घर, आणि वीस वर्षांत तिनं विद्यापीठाचं फाटकही पाहिलं नव्हतं. तिथं माझं काय काम, हे तिचं ठरलेलं उत्तर.

तीन संध्याकाळी मी वही घेऊन तिच्यापुढे बसले. एक ओवी येईना. सुरुवात व्हायची, दोन शब्द यायचे, की आई गप्प. मी चिडले. लहानपणी म्हणे पहाटे तासभर गायचीस, मग आता काय झालं? आई शांतपणे भाजी चिरत म्हणाली, "हात रिकामा असला की त्वांड बी रिकामंच ऱ्हातं." मी कपाळाला हात लावला. जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण मी शेकडो वेळा ऐकलेली, पण ती अक्षरशः खरी असते हे कुणाला ठाऊक! आणि जातं आणायचं कुठून? आमचा गहू जायचा कोपऱ्यावरच्या गिरणीत.

सुटका केली समोरच्या चाचींनी. त्या गावाकडच्या, आणि चणे दळायला त्यांनी आपलं जातं गावाहून आणलेलं. त्यांच्याकडेही त्याला 'जाँत'च म्हणतात. आई पदर खोचून बसली, समोर चाची, खुंट्याला दोघींचे हात. चार फेरे झाले नाहीत तोच ओव्या धो धो यायला लागल्या. मी जमतील तेवढ्या लिहिल्या. प्रत्येक दोन ओळींनंतर आई क्षणभर थांबायची, मूठभर दाणे जात्यात टाकायची, मग पुढे.

सरांनी त्यांतल्या तीन ओव्या चार आवाजांत बसवल्या. ती थांबण्याची जागा त्यांना आधी चूक वाटली. दाणे घालायची जागा आहे हे सांगितल्यावर म्हणाले, मग आपणही थांबू. हा माणूस मला त्या दिवशी फार आवडला.

कार्यक्रमाला आई आली. का आली ते तिलाच माहीत. मी फक्त एकदाच 'ये' म्हटलं होतं. अमीनाबादच्या बाजारातून घेतलेली नवी साडी, पाचव्या रांगेत बाबांशेजारी खुर्चीच्या टोकावर बसलेली. ओव्या आम्ही अशा म्हटल्या की माझ्याच अंगावर काटा आला. मधल्या त्या थांबण्याच्या जागी पहिल्या रांगेतल्या एका शेरवानीवाल्या बुजुर्गांनी हळूच 'वाह' म्हटलं, आणि शेवटी हात उंचावून म्हणाले, "मुकर्रर!"

मुशायऱ्यात असं म्हटलं की तेच पुन्हा ऐकवायचं, हा लखनऊचा रिवाज. सरांनी हात उचललेसुद्धा. मी कॉयरच्या पहिल्या ओळीत होते, मला राहवेना. पुढे होऊन सांगितलं की आमच्याकडे तीच ओवी पुन्हा म्हणत नाहीत, पुढची म्हणतात. सरांनी विचारलं, मग पुढची कुठं आहे? आम्ही तर तीनच बसवल्या होत्या. माझं बोट आपसूक पाचव्या रांगेकडे गेलं. अगं बाई, हे काय करून बसले मी! इथं जातं नाही, भरल्या सभेत आई गप्प राहिली तर ती पुन्हा कधी माझ्या जगात पाऊल टाकणार नाही.

सरांनी स्टेजवरूनच तिला हात जोडले. बाबा बुटांकडे बघत राहिले. आई उठली नाही. उजवा हात मांडीवर सावकाश गोल फिरू लागला, आणि मग तिचा आवाज आला, मी कधीच न ऐकलेल्या ओळी घेऊन:

दूरच्या ग मुलखात, बोली परकी ग बाई
लेक माझी गाती तितं, मला परकं काई न्हाई

टाळ्या थांबेनात. माझ्या आईसाठी, त्या एवढ्या मोठ्या सभागृहात! टाळ्या संपल्यावर त्या बुजुर्गांनी मला अदबीनं मतलब विचारला. पहिल्या ओळीचं हिंदी मी झटकन केलं. दुसरीवर अडकले. शब्द सगळे येत होते, आयुष्यभर हिंदीतच तर बोलत आले होते. पण ती ओळ मला हिंदीत म्हणावीशी वाटेना. आईकडे बघून मी ती मराठीतच म्हटली, मोठ्यानं. कुणी पुन्हा मतलब विचारला नाही.