काकांची दोन बोटं

इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या वर्गात एक तिशीतला माणूस आला. बेळगावकडचे, आयटीआय केलेले, डिचोलीच्या एका कारखान्यात आठ वर्षं वायरमन. सुपरवायझर व्हायचं तर डिप्लोमा लागतो, म्हणून पाळी सांभाळून ते कॉलेजला यायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो, पण त्यात आदर नव्हता. पेडण्याला परतताना बसमध्ये मी त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीची नक्कल करायचो आणि सगळी पोरं खिदळायची.

पेपरात मी पहिला असायचो. लॅबमध्ये मात्र काकांपुढं आमचं कुणाचं काही चालत नसे. चालू मोटरच्या नुसत्या आवाजावरून ते बेअरिंग गेलंय म्हणून सांगायचे. एकदा सर माझ्याकडे बघत म्हणाले, "ह्यांच्याकडून शीक जरा. पाठ करून मोटर फिरत नाही."

ते मला लागलं.

तिसऱ्या वर्षी आम्ही दोघं एकाच टेबलावर होतो. त्या दिवशी शेजारच्या टेबलावर मोटरची लोड टेस्ट चालली होती. ड्रमवर पट्टा आवळलेला, ड्रम गरगरत होता. काकांनी आमच्या मोटरचा कपॅसिटर डिस्चार्ज केला, म्हणजे त्यात साठलेली वीज काढून टाकली, आणि ते प्रयोगांची वही, जर्नल, आणायला बाकाकडे गेले. मी तो कपॅसिटर डीसी सप्लायला लावून पुन्हा चार्ज केला आणि होता तिथं ठेवून दिला. हात लावताच झटका बसून काका दचकतील, पोरं हसतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

काकांनी तो उचलला आणि झटक्यानं मागं गेले. तोल सावरायला टाकलेला उजवा हात पट्टा आणि ड्रमच्या मध्ये गेला. कुणीतरी मेन स्विच पाडला, पण तोवर दोन बोटं चिरडली होती.

सर धावत आले. "आठ वर्षं काम केलंत, आणि कपॅसिटर डिस्चार्ज करायचा विसरलात?"

काका हात छातीशी धरून म्हणाले, "मी केला होता, सर."

सर माझ्याकडे वळले. "तू होतास ना इथं? केला होता त्यांनी?"

"मी नाही बघितलं," मी म्हणालो.

चार दिवसांनी मी म्हापशाच्या इस्पितळात गेलो. दोन्ही बोटं काढली होती. त्यांची बायको उशाशी बसून त्यांना भात भरवत होती. ती भांडं धुवायला गेल्यावर काकांनी हळूच विचारलं, "तू तर हात लावला नव्हतास ना त्या कपॅसिटरला?"

"नाही, काका."

त्यांनी बँडेज बांधलेला हात चादरीखाली घेतला. मग म्हणाले, "मग मीच विसरलो असणार. वय झालं, दुसरं काय."

परीक्षेला ते बसले नाहीत. त्या दिवशीच्या गडबडीत त्यांची जर्नल माझ्याकडेच राहिली होती. माझे चार प्रयोग अपुरे होते, ते मी तिच्यातून उतरवून काढले आणि फर्स्ट क्लासमध्ये पास झालो. आईनं अख्ख्या वाड्यावर पेढे वाटले.

आज मी डिचोलीला मेंटेनन्स सुपरवायझर आहे. काका त्यांच्या जुन्या कारखान्यातच आहेत, पण वायरिंगचं काम आता त्यांना कुणी देत नाही. खोके मोजायला बसवलंय. कधीमधी स्टँडवर भेटतात. मागच्या महिन्यात बरोबरच्या माणसाला कौतुकानं सांगत होते, "हा आमच्या वर्गातला. इस्पितळात मला बघायला आलेला हा एकटाच."

मी हसलो, आणि बस लागल्यावर खिडकीची जागा त्यांना दिली.