शोभाचं कपाट

निर्मलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते, तिसरीच्या वर्गावर. फोन मिलिंदचा, आमच्या धाकट्या भावाचा. "ताई गेली गं," म्हणाला, रडला, मीही रडले... आणि दोन मिनिटं झाली नसतील, लगेच म्हणाला, "त्या खोलीतल्या भंगाराचं काय करायचं? तू ये आन् एकदा बघ." भंगार! स्वतःचं लग्न होईपर्यंत हा ज्या पलंगावर लोळला, तो पलंग त्याच भंगारातून उभा राहिला होता. पण त्याला मी कोणत्या तोंडानं बोलणार? ताईच्या हातचं जे गेलं, त्यात त्याचा वाटा असलाच तर चिमूटभर, बाकी सगळा माझा. पुण्यानुमोदनाच्या दिवशी नातेवाईक एकामागून एक उठून सांगत होते, निर्मला लय गुणाची, हातात कला होती पोरीच्या. ज्यांनी तिच्या हातचं एक स्टूलसुद्धा दारात येऊ दिलं नाही, ते हे बोलत होते. मला माईक दिला तर मी मान हलवली आणि खाली बसले. आज दीड महिना झाला. तिथं जे बोलायला हवं होतं, ते इथं लिहिते आहे.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तिला वालूरला दिली होती. नवऱ्यानं दुसरं घर केलं आणि अडीच वर्षांत ती एक पिशवी घेऊन परभणीला परत आली. लग्नात दिलेलं तिचं सामान तिकडंच राहिलं, मागायला कुणी गेलं नाही. अण्णा, आमचे वडील, एका कचेरीत शिपाई. घरात बसायला एकच लोखंडी खुर्ची, तिचीही बैठक फाटलेली. ताईनं सायकल दुकानातून टाकून दिलेल्या ट्यूबा आणल्या, त्यांच्या पट्ट्या कापल्या आणि त्या खुर्चीत अशा ताणून विणल्या की अण्णा घरी आले की आधी खुर्चीत बसायचे आणि मग चपला काढायचे. तिथून तिला नादच लागला. उन्हाळा हा तिचा मोसम. तेव्हा सरकारी लोकांच्या बदल्या होतात, आणि निघताना माणसं मोडकं सामान मागं टाकून जातात. ताई क्वार्टरच्या दारात जाऊन सरळ विचारायची, "सायब, हे टेबल सोबत नेयलाव का इथंच टाकायलाव?" मला लाज वाटायची, मी लांब लिंबाच्या झाडाखाली उभी राहायचे. पण तेच टेबल आठ दिवसांनी असं दिसायचं की तो साहेब परत आला असता तर त्यानं ओळखलं नसतं. शाळेतून काढलेल्या बाकांच्या फळ्यांचं शेल्फ, पाळण्याच्या कठड्याची भांड्यांची मांडणी, काच फुटलेल्या कपाटाला आईच्या जुन्या इरकलीचा पडदा. भेगा बुजवायची लांबीसुद्धा ती घरीच मळायची, खडूची भुकटी आणि जवसाचं तेल घालून, कणकेसारखी. तयार डबा आणायची ऐपतच नव्हती.

तिचा एक नियम होता. गिऱ्हाईक आलं की ती आधी वस्तू उलटी करून दाखवायची. "जुनं हाय बरं का. हितं जोड दिलाय, हितं किडीनं खाल्लं होतं, लांबी भरलीय. बघा आन् मग घ्या." मी चिडायचे, असं सांगितल्यावर कोण घेईल बावळट? पण लोक घ्यायचे. उलट, निर्मला खोटं बोलत नाही म्हणूनच यायचे. माझं लग्न ठरलं त्या वर्षी नात्यातल्याच तीन घरांनी आपापल्या पोरींच्या लग्नाचं सामान तिला सांगितलं होतं. रस्त्याकडेला एक पत्र्याचं शेड तिनं बघून ठेवलं होतं. एका फळीवर स्वतःच्या हातानं पाटीही रंगवली होती, 'निर्मला जुने फर्निचर'. मी म्हटलं, 'जुने' कशाला लिहितेस? तर म्हणाली, मग काय लिहू, जे हाय तेच लिहिणार की.

माझं सासर राणीसावरगावचं. माणसं तशी बरी, काही मागितलं नाही, फक्त म्हणाले, कपाट तेवढं नवं द्या. अण्णांना ते झेपणारं नव्हतं. ताईनं एका बदलीवाल्याकडून लोखंडी कपाट आणलं, भक्कम, नुसता गंज चढलेला. दार उघडलं तर आतल्या बाजूला ऑइलपेंटनं लिहिलेलं, 'चि. सौ. कां. शोभा हिस मामाकडून सप्रेम भेट'. ताई कितीतरी वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "कुणीतरी मायेनं दिलेलं हाय. खोडायचं कशाला? सांगून टाकू सरळ, जुनं हाय, मी नवं केलंय." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवस मी जेवले नाही. "तुला काय जातंय? मला तिथं नांदायचंय," असं म्हणाले मी. हे वाक्य मी तिला म्हणाले, जिला कुणी नांदू दिलं नव्हतं! ती पॉलिशपेपर घेऊन बसली, तर मला तेही बघवेना, लग्न चार दिवसांवर आलेलं, मी मागं लागले की वरून नुसता रंग मारून टाक. "घासल्याबिगर रंग धरत न्हाई, सुजे," ती म्हणाली. आणि तरीही तिनं मारला. मोरपंखी रंग होता. मांडवात जो तो त्या कपाटावरून हात फिरवून जात होता, आणि ताई एका कोपऱ्यात उभी होती.

रंगानं पुढचा उन्हाळाही काढला नाही. एक दिवस सासूबाईंच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा दाराला आतून लागला आणि पापुद्रा सुटला. नणंदेनं नखानं अजून थोडा काढला आणि मोठ्यानं वाचलं, "शोभा हिस मामाकडून... वहिनी, शोभा कोण गं?" नेमकी त्याच दिवशी ताई मला भेटायला आलेली, भुईमुगाच्या शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आणि मी म्हणाले... "मला काय ठाऊक? ताईनं आणलं. नवंच हाय म्हणली होती." ताईनं माझ्याकडं एकदाच बघितलं. मग सासूबाईंना म्हणाली, "व्हय मावशी, माझीच चूक. हिला काय बी ठाऊक न्हाई." चहा ठेवला होता, तो न घेताच ती एस. टी. स्टँडवर गेली. मी तिला पोचवायलासुद्धा गेले नाही.

आमच्या नात्यात बातमी पोचायला वेळ लागत नाही. निर्मला जुनं सामान नवं म्हणून गळ्यात मारते, सख्ख्या बहिणीला सोडलं नाही तर आपल्याला काय सोडणार, असं बोलणं सुरू झालं. महिन्याभरात तिन्ही घरांनी काम काढून घेतलं. शेड राहिलं. पाटी माठाखाली गेली. ताई डाळ मिलमध्ये जायला लागली, आणि सुट्टीच्या दिवशी हात शिवशिवले तर अनोळखी लोकांचं एखादं स्टूल, एखादी खुर्ची करायची. हे सगळं मला दिसत होतं. बाळंतपण झालं की खरं सांगेन, नोकरी लागली की सांगेन, गंगाखेडला स्वतःचं घर झालं की सांगेन, असं करत करत वर्षं घातली मी. एकदा तिच्याजवळ विषय काढला, तर तिनं मला पुढं बोलूच दिलं नाही. "नांदतीस ना नीट? मग झालं." तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून आता स्पष्ट लिहिते. ताईनं कुणालाच फसवलं नाही. ते नाव मी खोडायला लावलं.

गेल्या रविवारी मिलिंद आणि मी तिची खोली रिकामी करायला गेलो. दारातून निघेना म्हणून टेबल आडवं केलं, तर खालच्या बाजूला बारीक ब्रशनं लिहिलेलं दिसलं, 'जुनं आहे. पाय बाभळीचे, फळी शाळेच्या बाकाची. डावा पाय जोडलेला आहे. निर्मला.' मग शेल्फ उलटं केलं, त्याच्यावर पण. स्टुलावर पण. ज्या पलंगावर ती गेली आणि जो ती कुणाला कधी विकणार नव्हती, त्याच्या फळीखाली पण. मिलिंद म्हणाला, "हे कवापासून लिहायली होती ही?" मला माहीत होतं कधीपासून.

ते स्टूल मी घरी घेऊन आले. सासूबाई आता आमच्याजवळच असतात, खूप थकल्यात. त्यांना वाचता येत नाही, म्हणून स्टूल उलटं करून मी त्यांना वाचून दाखवलं. आणि मग एका दमात कपाटाचं सगळं सांगून टाकलं. त्या सुपारी कातरत होत्या, अडकित्ता थांबला नाही.

"मला तवाच ठावं व्हतं," म्हणाल्या. "तुजं तोंड पांढरंफटक पडलं व्हतं की. पर तू बहिणीवर ढकलून दिलंस, तवा म्हणलं, चला, आता ही पोरगी आमची झाली."

आणि त्यांनी मायेनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.