समुद्रातला विंचू

लातूरच्या एका क्लासमध्ये मी जीवशास्त्र शिकवायचो. जेलीफिशच्या दंशपेशीची आकृती डोळे मिटून फळ्यावर काढायचो, पण समुद्र जन्मात पाहिला नव्हता. परीक्षा संपल्यावर पोरांची सहल कोकणात निघाली, तर आबा, म्हणजे माझे वडील, गावाकडून पिशवी घेऊन हजर! "एवढं पाणी कसं दिसतंय, बघू तरी दे की." नाही कसं म्हणणार? पण ते येऊ नयेत, असंच मनात होतं. क्लासमध्ये माझा दरारा असा, की मला बघून पोरं जांभई गिळायची. आपले वडील विंचू उतरवतात, हे मी तिथं कुणाला सांगितलं नव्हतं.

भूकंपाच्या वर्षी अख्खं गाव उघड्यावर राहायचं, ढिगाऱ्यांतून विंचू निघायचे आणि आबांपुढं रांग लागायची. कडुलिंबाचा डहाळा पायावरून खाली फिरवत ते विचारायचे, "कुठवर आलं?" असला अडाणीपणा आपण आयुष्यात करायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

तर, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून मी पोरांना भरती-ओहोटी समजावत होतो, तेवढ्यात पोटरीला असा चटका बसला की सगळी विद्या गेली चुलीत. "आबा, इच्चू! इच्चू चावला ओ!"

"सर, समुद्रात विंचू?" पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली. "जेलीफिश असंल. चोळू नका, तुम्हीच लिहून दिलंय!"

"गप बस!"

आबा धोतरासकट पाण्यात शिरले आणि बखोटीला धरून मला वाळूवर आणलं. लिंब कुठला तिथं? सुरूची फांदी मोडून सुरू झाले. भोवती पोरांचं कडं. मी लाजेनं अर्धमेला.

"कुठवर आलं?"

"गुडघ्याखाली."

"आता?"

"घोट्यावर." खरं सांगतो, उतरत होतं! पोरांनी टाळ्या पिटल्या. "सर, हे पेपरात लिहिलं तर मार्क पडतील का?" एकानं विचारलं.

परतताना बसमध्ये मी तोंड फुगवून बसलो. "पोरांपुढं इज्जत घालवली माझी," असं आबांना म्हणालोसुद्धा. वास्तविक बोंब मीच मारली होती. चहाला गाडी थांबली तरी आबा जागचे हलेनात. म्हणून मी त्यांचं धोतर जरा वर सारलं, तर दोन्ही पोटऱ्यांवर हे लालभडक वळ.

"आबा! कधी चावलं हे?"

"तुला आणाया शिरलो तवाच."

"मग बोलला का न्हाईत?"

"बोलून काय करू? उतरवणाऱ्याला सोताचं उतरवता येत न्हाई."

रडूच आलं मला. टपरीमागं लिंब होता, त्याचा डहाळा तोडून आणला आणि सगळ्या पोरांच्या देखत आबांच्या पायाशी बसलो.

"कुठवर आलं, आबा?"

"उतरलं बघ समदं," आबा म्हणाले. मी अजून डहाळा फिरवलाही नव्हता.