साळवे साहेबांच्या पेटीचं झाकण

“लांबी सहा फूट सहा इंच. रुंदी खांद्यापाशी दोन फूट. उद्या दुपारी बारापर्यंत पाहिजे,” फोनवरचा माणूस म्हणाला.

मी लिहून घेतलं आणि सवयीने पुढचा प्रश्न विचारला, “आत माल काय जाणार?”

तो म्हणाला, “आमचे दाजी.”

चिखलीत माझं लाकडी पॅकिंग बॉक्सचं वर्कशॉप आहे. चाकणच्या कंपन्यांचे पार्ट ज्या पेट्यांतून परदेशी जातात, त्या आम्ही बनवतो. फोनवर पीटर होता. त्याचे दाजी म्हणजे आल्बर्ट साळवे, चाकणच्या एका कंपनीत इनवर्ड इन्स्पेक्टर. बाहेरून आलेला माल आत घ्यायचा की परत पाठवायचा, हे ठरवणारा माणूस. अकरा वर्षं त्यांनी माझ्या पेट्या तपासल्या आणि अकरा वर्षं माझं डोकं खाल्लं. झाकणावर तळहात ठेवायचे, हलवायचे, कान द्यायचे. “गव्हाणे, झाकण वाजतंय.” की लागलाच लाल टॅग, गाडी परत. मी त्यांना मनातल्या मनात जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या सख्ख्या भावालाही दिल्या नसतील. ते सकाळी हार्ट अटॅकने गेले हे ऐकलं आणि लिहून घेतलेलं माप मी पुन्हा एकदा वाचलं.

शवपेट्या तयार मिळतात. पण साळवे सहा फूट तीन इंच, तयार पेटी आखूड पडत होती. त्यांच्या बायकोने, मार्थाताईंनी, सांगितलं होतं की गव्हाणेंनाच फोन लावा.

“पण उद्या कशाला?” मी पीटरला विचारलं. “आमच्यात तीन-चार तासांत उरकतात.”

“दाजींच्या आई यायच्यात श्रीरामपूरकडून. त्र्याऐंशी वय आहे. त्यांना पोराचं तोंड दिसल्याशिवाय माती द्यायची नाही, एवढं एकच ताईचं म्हणणं आहे. तोवर बॉडी शवागारात ठेवलीय.”

कामाला लागलो. पाइनच्या चांगल्या फळ्या निवडल्या. एक्स्पोर्टच्या लाकडावर एक शिक्का असतो, लाकूड भट्टीत तापवून कीड मारली आहे असं सांगणारा. बबनराव माझे जुने सुतार, मूळचे चिखलीचेच. त्यांनी विचारलं, “मालक, ह्यो शिक्का आतनं घेऊ का भायरनं?”

“कुठूनच नको. रंधा मारा.”

“आमी असलं काम कदी केलं न्हाई.”

“मी तरी कुठे केलंय!”

पेटी सरळ करायची की पायाकडे निमुळती? कड्या किती? आत कापड कोण लावणार? दर अर्ध्या तासाने मी पीटरला फोन करत होतो. सरळ चालेल, कड्या सहा, कापड ताई शिवतेय. सगळं विचारलं. झाकणाबद्दल विचारलं नाही. झाकणातलं मला काय विचारायचंय, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पेटी टेम्पोत टाकून त्यांच्या घरी गेलो. शवागारातून आणलेले साळवे पेटीत ठेवले, ब्लेझरमध्ये, टाय बांधून, हातात जपमाळ. उशाशी मेणबत्त्या. बायका एकच प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. लोक उठले की मी उठायचो, बसले की बसायचो, आणि दोन्ही वेळा मला उशीर व्हायचा. मोठ्याने कोणी रडत नव्हतं. मला घसा खाकरायचीही भीती वाटत होती.

अडीच वाजले तरी आई आल्या नव्हत्या. त्यांची गाडी शिक्रापूर-चाकण रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत अडकली होती. चर्चमध्ये चारची मिस्सा ठरलेली. मिस्सा म्हणजे त्यांची मुख्य प्रार्थना, या वेळी मयत समोर ठेवून होणारी. मार्थाताईंनी नवऱ्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि मला म्हणाल्या, “बंद करा, गव्हाणे.”

म्हातारीची भेट काही होत नाही म्हणायची! विचारावं असं वाटलं, पण अशा वेळी परक्या माणसाने तोंड कसं उघडायचं? मी झाकण लावलं. साळवे साहेब पास करतील असंच लावलं. कडेने लाकडाच्या गोंदाची रेघ ओढली आणि वरून सोळा स्क्रू पिळले. मग तळहात ठेवून हलवून पाहिलं. जरासुद्धा आवाज नाही. खोटं कशाला बोलू, त्या घरात उभा राहून मला समाधान वाटलं.

चर्चमध्ये वेगळीच गंमत. फादरांनी पेटीवर पवित्र पाणी शिंपडलं, धूप फिरवला. मराठीतच बोलत होते, तरी पुढे काय होणार याचा मला पत्ता नव्हता. लोक रांगेने पुढे जाऊन काहीतरी घेत होते. प्रसाद असेल म्हणून मीही रांगेत शिरलो. पीटरने बाही धरून मला बाकावर बसवलं. “ते आमच्यातल्यांनाच, दादा. तुम्ही बसून राहा.” कान लाल झाले माझे.

सव्वापाचला दफनभूमीत पोचलो. खड्डा तयार होता. फादरांनी कबरीला आशीर्वाद दिला. तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली आणि दोन बायकांच्या आधाराने आई उतरल्या. मला भरून आलं. उशिरा का होईना, पोचल्या तरी.

फादर म्हणाले, “शेवटचं दर्शन. पेटी उघडा.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“पुन्हा उघडायची असते?” मी पीटरच्या कानात विचारलं.

“म्हणजे काय! इथेच तर शेवटचं बघतात. त्यासाठीच तर आई थेट इकडे आल्यात.”

आमच्या धंद्यात झाकण लावलं की आमचा संबंध संपतो. ते उघडतात हजारो मैलांवर, कुठल्यातरी गोदामात, आम्ही कधी बघितलेलं नसतं. मी टेम्पोतून ड्रिल आणलं, सोळा स्क्रू काढले. झाकण तसूभर हललं नाही.

“काय झालं?” पीटर.

“गोंद लावलाय.”

“गोंद? कशाला?”

“वाजू नये म्हणून.”

पीटरच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला अजून सांगता येत नाही. मागून आईंचा आवाज आला, “का रं उघडंना? माझ्या लेकराचं तोंड दावा की.”

कटावणी आणली. खिळे उपटायची लोखंडी पट्टी. ती फटीत घालून दाबली तर लाकूड असं करकरलं की बायकांनी कानांवर हात ठेवले. जोर लावावा तर आत साळवे हलतील ही भीती. शेवटी फादरच झगा सावरून गुडघ्यावर बसले आणि त्यांनी दुसरं टोक धरलं. “सावकाश. आपल्याला घाई नाही,” म्हणाले. तीन ठिकाणी कटावणी घातली. चौथ्या ठिकाणी मोठा आवाज झाला. झाकण निघालं, पण मधोमध चिरलं.

आईंनी वाकून मुलाच्या गालावर हात ठेवला. “आले रं बाळा. वाटंत लई येळ झाला.” बस्स, एवढंच. मला रडू आवरलं नाही. कटावणी हातात धरून मी सगळ्यांसमोर रडलो.

झाकण परत पेटीवर ठेवलं. मी मार्थाताईंना म्हणालो, “ताई, एक तास द्या. दुसरं आणतो. असं चिरलेलं नको.”

त्यांनी झाकणावर तळहात ठेवला. हलवून पाहिलं, अगदी साहेबांसारखं. झाकण खडखडलं.

“वाजतंय,” त्या म्हणाल्या. मग हात काढून घेतला. “राहू द्या, गव्हाणे. आज परत पाठवायला कोणी नाही.”

मूठमूठ माती टाकली. लोकांनी रांगेने घरच्यांचे हात हातात घेतले, मीही घेतले. मग घरी चहा-बिस्किटं. आंघोळीआधी मयताच्या घरी खावं की नाही, हा गोंधळ माझ्या मनात होताच. पण आईंनी स्वतः बशी पुढे केली, मग खाल्लं.

त्यानंतर मार्थाताईंच्या ओळखीतून आणखी काही घरांसाठी पेट्या केल्या. आता पहिला प्रश्न विचारतो, पेटी किती वेळा उघडणार? गोंद बंद. हाताने फिरतील असे चार स्क्रू. झाकण थोडं वाजतं. बबनराव दरवेळी विचारतात, “मालक, आवळू का?”

मी म्हणतो, “राहू द्या.”